कोणी सांगितलं म्हणून वाचलं

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. स्मरणिकेसाठी देताना थोडं आवरतं घेतलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत मला ‘सध्या काय वाचताय?’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर अंताक्षरी आहे आणि तिची तयारी मागे सुरू झालेली मला इथून दिसते आहे, त्यामुळे मी पाल्हाळ लावणार नाही. पण दहा मिनिटांत संपेल असा शब्दही देत नाही.

मेळाव्यासाठी फोन करायचं काम आम्ही वाटून घेतलं होतं. माझ्या वाट्याला सव्वीस जण आले. येणार का, घरचे बरोबर आहेत का, हे विचारून झालं की मी शेवटी आणखी एक प्रश्न विचारायचे : अलीकडे कुठलं पुस्तक वाचून संपवलंस? ‘संपवलंस’ हा शब्द मुद्दाम. सुरू केलेली पुस्तकं सगळ्यांच्याच घरी असतात, उशाशी, चष्म्याच्या डबीखाली.

बऱ्याच जणांनी हसून विषय बदलला. एकाने विचारलं, ‘मुलांची पुस्तकं धरायची का?’ त्याची मुलगी सातवीत आहे आणि तिच्याबरोबर तो तिचं इतिहासाचं पुस्तक वाचतो. मी म्हटलं, धर. ज्यांनी पुस्तकांची नावं सांगितली, त्यांना मी पुढे विचारलं की कसं आहे? त्यावर ठरलेली तीन उत्तरं आली. ‘छान आहे.’ ‘प्रेरणादायी आहे.’ ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे.’ या तिन्ही उत्तरांतून मला पुस्तकाबद्दल काहीही कळलं नाही. प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक मी का वाचावं, हे त्यात कुठे येतच नाही.

पण एक उत्तर वेगळं होतं. आपली एक मैत्रीण वासिंदच्या बाजूला रोपवाटिका चालवते. तिने ‘एक होता कार्व्हर’ संपवलं होतं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून ते एकाने दुसऱ्याला सांगत सांगतच पसरलं आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी ते शाळेतच वाचलं असेल आणि ‘गुलामीत जन्मलेला मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाला’ एवढं लक्षात ठेवलं असेल. ही मात्र मला म्हणाली, ‘अगं, तो मोठा कसा झाला ते राहू दे. कापूस घेऊन घेऊन खंगलेल्या जमिनीत त्याने लोकांना भुईमूग लावायला लावला, ते नीट वाच. तुमच्या त्या मागच्या तुकड्यात काही उगवत नाही म्हणून तू दरवर्षी रडतेस ना?’ मी पंचवीस वर्षांनी ते पुस्तक पुन्हा काढलं. मागच्या तुकड्यात यंदा चवळी लावली आहे. उगवली आहे, एवढंच आत्ता सांगते.

तिने पुस्तकाचं कौतुक केलंच नाही. तिला पुस्तक माहीत होतं आणि मी माहीत होते, आणि या दोहोंमध्ये तिने एक दोरा बांधून दिला. मला आज फक्त याच दोऱ्याबद्दल बोलायचं आहे.

माझ्या बाबतीत असा दोरा सर्वांत पक्का बांधला गेला तो कसारा लोकलमध्ये. २००४ साल असेल. मी खडवलीहून मुंबईला नोकरीला जात होते. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या बाजूला गाड्या कमी, एक चुकली की फलाटावर बसून राहायचं, आणि मिळाली तरी जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास. लेडीज डब्यात कोणी भाजी निवडायचं, कोणी भजन म्हणायचं, कोणी झोपायचं. आसनगावहून चढणाऱ्या एक काकू रोज वाचत असायच्या. मला त्यांचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही, त्या माझ्यासाठी आसनगावच्या काकूच राहिल्या. एकदा त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, ‘तू खडवलीची ना? हे वाच. यात तिटवाळा आहे.’

ते पुस्तक होतं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. त्याला १९७२ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. पुरस्काराचं सांगून कोणी ते मला दिलं असतं, तर मी ‘वाचते हं’ म्हणून पिशवीत टाकलं असतं. पण तिटवाळा? तिटवाळा म्हणजे आपलं पुढचं स्टेशन. तिटवाळा म्हणजे गणपती, मंगळवारची आणि चतुर्थीची गर्दी. वारल्यांच्या लढ्याच्या पुस्तकात तिटवाळ्याचं काय काम?

काम होतं. १९४५ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या किसान सभेचं अधिवेशन तिटवाळ्याला भरलं होतं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाकडून, उंबरगाव तालुक्यातून, काही वारली माणसं त्याला आली होती. सावकार आणि जमीनदारांकडे फुकट राबणारी ही माणसं. लग्नापुरते पैसे उसने घेतले म्हणून नवरा-बायको दोघंही जन्मभर त्या घरचे गडी, याला लग्नगडी म्हणत. तिटवाळ्याला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं की शेतकरी उभा राहून बोलतो आणि बाकीचे ऐकतात. ते परत गेले, मे महिन्यात झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात पाच माणसं गेली. हे सगळं त्या पुस्तकात आहे, आणि पुण्यात वाढलेली, कायदा शिकलेली एक बाई या पाड्यांवर पायी हिंडताना काय शिकली, तेही आहे.

मी ते चार दिवसांत संपवलं. आपण शाळेत असताना आपल्या वर्गात पाड्यांवरून येणारी मुलं होती. त्यांतली काही आठवीनंतर दिसेनाशी झाली. ती का दिसेनाशी झाली, याचा विचार मी त्या पुस्तकानंतर पहिल्यांदा केला. याहून जास्त त्याबद्दल इथे बोलत नाही. त्यांच्यापैकी दोघं आज इथे समोर बसले आहेत, ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतील.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मी गेली काही वर्षं ज्या प्रकारच्या कामात आहे, त्याचा या विषयाशी थेट संबंध येतो. ‘ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं’ अशी जी ओळ ऑनलाइन दुकानात दिसते, ती कशी येते हे मला लोक नेहमी विचारतात. त्यामागे जादू नाही. समजा पहिल्या बाकावरची मुलगी आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा यांच्या डब्यात दहापैकी आठ दिवस एकच भाजी असते. मग अकराव्या दिवशी तिने नवी भाजी आणली, तर ती यालाही आवडेल असं धरून चालायचं. हे दोघं कोण आहेत, भाजी कुठली, याच्याशी गणिताला देणंघेणं नाही. फक्त जुळणी बघायची. अमेझॉनच्या लोकांनी अशा शिफारशींवरचा त्यांचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध केला. नेटफ्लिक्सने तर २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, आमच्या अंदाजात दहा टक्के सुधारणा करून दाखवा म्हणून. स्पर्धकांना दहा कोटी पसंतीगुणांची यादी दिली होती. २००९ मध्ये एका चमूने ते बक्षीस जिंकलं. गंमत अशी की, जिंकलेली ती पूर्ण पद्धत कंपनीने वापरलीच नाही. बसवायला फार किचकट होती.

ही पद्धत वाईट नाही. मीही तिच्यामुळे कितीतरी इंग्रजी पुस्तकांपर्यंत पोचले. पण तिची एक अट आहे : आकडे भरपूर लागतात. नव्या पुस्तकाला किंवा नव्या वाचकाला कोणाशी जुळवायचं हेच तिला कळत नाही. आमच्यात याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. जानेवारीच्या सकाळी स्कूटर सुरू होत नाही, तसं. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची. त्यातल्या किती जणांनी ते ऑनलाइन घेतलं, किती जणांनी त्याला तारे दिले? पाच? सात? एवढ्यावर गणित चालत नाही. म्हणजे बहुतेक मराठी पुस्तकं या यंत्राच्या लेखी कायमची थंड स्कूटर आहेत, आणि किक मारायला माणूसच लागतो. दहा कोटींच्या यादीत एकाचं मत म्हणजे काहीच नाही. हजार प्रतींच्या पुस्तकाबद्दल तुम्ही तिघांना सांगितलंत, तर ते फार मोठं प्रमाण झालं. माझा हिशेब इतका सरळ आहे.

आता नवी यंत्रं आली आहेत, ती गप्पा मारतात, पुस्तकाच्या आत काय आहे तेही सांगतात. कोणी म्हणेल, मग आसनगावच्या काकूंची गरज काय? २०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ या मोठ्या वर्तमानपत्रात उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. लेखक नामवंत, प्रत्येक पुस्तकाचा सारांश दिलेला. त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. ज्याने यादी केली त्याने ती यंत्राकडून करून घेतली होती आणि तपासली नव्हती. मला यात यंत्राचा राग येत नाही, ते त्याच्या पद्धतीप्रमाणे चाललं. पण कोणी पुस्तक सुचवतं तेव्हा ‘याने ते वाचलं आहे’ एवढं आपण न विचारता गृहीत धरतो, आणि सगळी मदार तेवढ्यावरच असते. म्हणूनच मी फोनवर ‘संपवलंस का’ असं विचारत होते.

आपल्या भागात ही माणसामाणसांतली देवघेव जुनी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. कॉलेजात असताना मी कल्याणला वाचनालयात जायचे, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लोक कपाटांकडे जायच्या आधी टेबलावर आत्ताच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा चाळायचे. कोणीतरी नुकतं वाचून परत दिलं आहे, म्हणजे त्यात काहीतरी असणार. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के असायचे. दाटीवाटीने शिक्के म्हणजे चालणारं पुस्तक, आठ वर्षांत तीन शिक्के म्हणजे एकतर कंटाळवाणं नाहीतर खजिना. (दोनदा खजिना निघाला, बाकीच्या वेळी कंटाळवाणंच.) शिवाय पेन्सिलीने समासात लिहिणारे महाभाग होतेच. ग्रंथपाल त्यांच्यावर चिडायचे, पण मी ते आधी वाचायचे. एका कादंबरीत नायिका नायकाला माफ करते तिथे कोणीतरी लिहिलं होतं, ‘का?’ आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मीही हेच विचारते.’

चांगलं काय ते सांगणं सोपं. आवडलं नाही हे सांगणं आपल्याला जमत नाही, विशेषतः ज्याने पुस्तक दिलं त्याला. आपल्यातला एक जण कारखान्यात रात्रपाळी करतो आणि ‘मृत्युंजय’ आता तिसऱ्यांदा वाचून संपवलं म्हणाला. मी त्याला फोनवर सांगितलं की, मी गेल्या वर्षी ते पुन्हा वाचायला घेतलं आणि मला भाषा जड झाली. प्रत्येक जण एकाच आवाजात, भरजरी कपडे घालून बोलतो असं वाटलं. तिकडे शांतता. मग तो म्हणाला, ‘तुला जड होणारच. तू इंजिनियर झालीस. मी कर्णासारखा चुकीच्या पत्त्यावर वाढलोय असं मला पंधराव्या वर्षी वाटत होतं, तेव्हा ते कोणीतरी मोठ्या आवाजात म्हणायला हवं होतं. हळू म्हणून चाललं नसतं.’

माझं मत बदललं का? नाही. भाषा मला अजून जडच वाटते. पण १९६७ पासून ते पुस्तक घराघरांत का वाचलं जातं, हे मला आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणातून कळलं नव्हतं, ते त्याच्या एका वाक्यातून कळलं. आणि मी ‘हो रे, छानच आहे’ म्हटलं असतं, तर त्याने ते वाक्य बोललंच नसतं. तो आज पहिल्या रांगेत बसला आहे आणि मान हलवतो आहे. अंताक्षरीनंतर आमचं भांडण पुढे चालू राहील.

हे सगळं आज बोलण्याचं कारण आपलं कपाट. मेळाव्याच्या निधीतून शाळेला पुस्तकांचं कपाट द्यायचं ठरलं आहे. प्रकाशकांकडून सवलतीत संच घ्यावा, दोनशे पुस्तकं एकदम येतील, असा प्रस्ताव आहे. माझा त्याला विरोध आहे आणि मी तो बैठकीतही सांगितला. नवी कोरी दोनशे पुस्तकं काचेआड ओळीने उभी असली, की मुलं त्यांना हात लावायला भितात आणि मोठे फाटतील म्हणून कुलूप लावतात. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. आणि दोनशेपैकी एकही पुस्तक कोणी कोणाला ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून दिलेलं नसतं. ज्या मुलीच्या घरात वाचणारं कोणी नाही, तिने त्या ओळीतून नेमकं कुठलं उचलायचं?

आमच्या मराठीच्या बाई आज समोर आहेत म्हणून सांगते. बाई, तुम्ही पिशवीतून पुस्तक काढायचात आणि एकेकाच्या हातात द्यायचात. कधीही ‘वाच, चांगलं असतं’ म्हणाला नाहीत. मला म्हणाला होतात, ‘चाळीस पानांपर्यंत वाच. नाही आवडलं तर परत आण, पण का नाही आवडलं ते मला सांगायचं.’ माझ्या शेजारणीला दुसरंच पुस्तक दिलंत आणि तिला पानांची अट वीसच घातलीत. तेव्हा मला तो पक्षपात वाटला होता. आता कळतं, तुम्ही आमचा प्रत्येकीचा हिशेब वेगळा ठेवला होता. पंचेचाळीस मुलांचा, डोक्यात.

तर माझी सूचना अशी. संच नको. आपण प्रत्येकाने एकच पुस्तक द्यायचं, स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं. जुनं चालेल, दुमडलेलं चालेल. त्याच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवायची, चार-पाच ओळींची. पुस्तक कोणासाठी आहे, कुठे कंटाळा येतो, काय आवडलं, काय पटलं नाही. खाली आपलं नाव आणि दहावीचं साल. ‘प्रेरणादायी’ हा शब्द वापरायचा नाही. सर, तुम्हीही द्यायचं आहे, तुम्हाला सूट नाही. आणि चिठ्ठीखाली जागा कोरी ठेवायची, म्हणजे वाचणाऱ्या मुलाला ‘मला नाही पटलं’ असं लिहिता येईल. तिथे पेन्सिलीला मनाई नाही.

ज्यांनी फोनवर विषय बदलला होता त्यांच्यासाठी : घाई नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी दिलंत तरी चालेल. त्याआधी एक पुस्तक संपवायला तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे. आणि कुठलं घ्यावं ते कळत नसेल, तर आज जेवताना शेजारच्याला विचारा.

माझं पुस्तक मी आणलं आहे. ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. चिठ्ठी वाचून दाखवते आणि थांबते.

‘आठवी-नववीतल्या मुलामुलींसाठी, आणि नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी. एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वस्तीवर शाळा चालवायला जातो. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती मेंढरांमागे असतात. माणदेशी बोलीतले काही शब्द अडतील, अडले तर पुढे जा, दोन पानांनी आपोआप कळतात. मोठी घटना शोधू नका, माणसं बघा. कारभारी मला सर्वांत आवडला. बायका मात्र फार थोड्या वेळ दिसतात आणि त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही, हे मला खटकलं. शेवटी दुष्काळ येतो. शेवटची वीस पानं लोकलमध्ये वाचू नका, स्टेशन निघून जाईल. माझं टिटवाळ्याचं खडवली झालं नाही, थेट वासिंद झालं.’

पेटी दाराजवळ, नोंदवहीच्या शेजारी ठेवली आहे. कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोन पेनं आहेत. पेनं परत ठेवा.